‘से अगेन’ म्हणायची लाज नको

बारामतीच्या एमआयडीसीकडून गोजुबावीच्या बाजूला निघालं की डोक्यावर लहान विमानांची घरघर सुरू होते. इथल्या धावपट्टीवरून प्रवाशांसाठी रोजचं विमान सुटत नाही. ही घरघर शिकाऊ वैमानिकांची. कार्व्हर एव्हिएशनसारख्या प्रशिक्षण संस्थेत लांबलांबहून मुलंमुली येतात आणि उसाच्या फडांवर घिरट्या घालत विमान चालवायला शिकतात. त्यांच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये जे इंग्रजी चालतं, ते एकदा कुणी आपल्याला ऐकवलं तर इंग्रजीची निम्मी धास्ती तिथंच उतरेल.

कारण त्या इंग्रजीत ऐट अजिबात नसते. शब्द ठरलेले, क्रम ठरलेला. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’, म्हणजे पुन्हा सांगा. जमणार नसेल तर ‘अनेबल’. जरा थांबा म्हणायचं तर ‘स्टँड बाय’. होकाराला ‘अफर्म’, नकाराला ‘निगेटिव्ह’. आणि महत्त्वाची सूचना मिळाली की ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, म्हणजे सांगणाऱ्यालाही कळतं की ऐकणाऱ्यानं बरोबर ऐकलं. आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकाला इंग्रजीच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी गाठावी लागते. या चौथ्या पातळीत उच्चारांवर मातृभाषेची छाप चालते; समोरच्याला समजण्यात सारखी अडचण येऊ नये, एवढीच अट. विमान चालवणाऱ्याला एवढी सूट असेल, तर मागं बसून चहा मागणाऱ्यानं उच्चारांची चिंता का करावी?

ही शिस्त फार मोठी किंमत मोजून आली आहे. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. त्याआधीच्या काही सेकंदांत एका विमानातून आलेलं वाक्य संदिग्ध होतं. ‘आम्ही उड्डाणाच्या जागी आहोत’ आणि ‘आम्ही उड्डाण करतो आहोत’ हे दोन्ही अर्थ त्यातून निघत होते. नियंत्रकाचं उत्तर ‘ओके’नं सुरू झालं. पुढं त्यानं ‘थांबा’ म्हटलं होतं, पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानातूनही कुणी बोललं आणि रेडिओवर नुसती शिट्टी उमटली. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा असं ठरलं, आणि नुसतं ‘ओके’ किंवा ‘रॉजर’ म्हणून मोकळं होण्याऐवजी सूचना परत म्हणून दाखवण्यावर भर आला.

आपल्याकडचा प्रवासी नेमका उलट वागतो. कळलं नाही की हसतो, मान हलवतो आणि ‘येस येस’ म्हणतो. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेली बारामतीची आई असो, नाहीतर परदेशातल्या बागा बघायला अभ्यासदौऱ्यावर निघालेला इंदापूरचा द्राक्ष बागायतदार असो. पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंत शंभर-सव्वाशे किलोमीटर किंवा मुंबईपर्यंत त्याच्या दुप्पट गाडीनं येईतो घरचं कुणीतरी सोबत असतं. ते दरवाजाशी थांबतं. तिथून पुढं बोलायचं आपलं आपल्यालाच, आणि विमानात बसल्यावर बोलायचं ते मुख्यतः केबिन क्रूशी, म्हणजे आपण ज्यांना सरसकट एअर होस्टेस म्हणतो त्यांच्याशी. त्यांत मुलगेही असतात.

एक पक्कं ध्यानात घ्यावं. ही माणसं चहा-नाश्ता देण्यासाठी नेमलेली नाहीत. दर पन्नास सीटमागं एक असा किमान हिशेब असतो, म्हणून 186 सीटच्या विमानात चार जण लागतात. विमान भरलेलं असताना, निम्मीच दारं वापरून, सगळ्यांना नव्वद सेकंदांत बाहेर काढता आलं पाहिजे, या कसोटीवर विमानाचा आराखडा मंजूर होतो, आणि बाहेर काढण्याचं काम यांचं. 1930 साली अमेरिकेत एलेन चर्च ही पहिली विमान परिचारिका झाली, ती खरोखरच शिकलेली नर्स होती. जेवणाच्या ट्रॉलीमुळं आपला गैरसमज होतो, एवढंच.

म्हणून त्यांच्याशी होणारं बोलणं दोन प्रकारचं. एकात चूक झाली तर फार तर चहाऐवजी कॉफी येईल. दुसऱ्यात चूक चालत नाही.

आधी पहिला प्रकार. भारतीय कंपनीच्या विमानात सुरुवात बिनदिक्कत हिंदीत करावी. पुण्याच्या विमानात मराठी बोलणारंही कुणी निघतं. ‘डू यू स्पीक मराठी ऑर हिंदी?’ हे एक वाक्य तोंडात ठेवलं की पुष्कळ प्रश्न मिटतात. परदेशी कंपन्यांच्या भारताकडच्या विमानांतही हिंदी जाणणारं कुणीतरी सहसा ठेवलेलं असतं. इंग्रजी बोललंच पाहिजे अशी कुणाची सक्ती नाही.

बोलायची वेळ आलीच, तर मराठी माणूस एका जागी हटकून अडकतो. आपल्याकडे आदर क्रियापदातच असतो. ‘पाणी द्या’ म्हटलं की झालं, वेगळं ‘कृपया’ म्हटलं तर उलट सरकारी नोटीस वाचल्यासारखं वाटतं. इंग्रजी क्रियापदाला ‘दे’ आणि ‘द्या’ असा भेद नाही. त्यामुळं ‘गिव्ह मी वॉटर’ म्हणणाऱ्या आपल्या मनात ‘द्या’ असतं आणि ऐकणाऱ्याच्या कानात ‘दे’ पडतं. उपाय सोपा आहे, वाक्याच्या शेवटी ‘प्लीज’. ‘वॉटर, प्लीज.’ ‘ब्लँकेट, प्लीज.’ व्याकरण नसलं तरी चालेल, प्लीज हवंच. हौस असेल तर ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ पाठ करावं. वॉटरच्या जागी काहीही घाला, वाक्य उभं राहतं.

हाक मारायची तर ‘एक्स्क्यूज मी’ म्हणावं, नाहीतर डोक्यावरचं माणसाच्या चित्राचं बटण दाबावं. बाजूनं जाणाऱ्या क्रूच्या हाताला किंवा पाठीला स्पर्श करून बोलावू नये. एसटीत कंडक्टरच्या खांद्याला हात लावला तर तो वळून तिकीट फाडतो. इथं तो अपमान समजला जातो. चुटकी तर नकोच.

आता दोन सापळे. पहिला नकारार्थी प्रश्नाचा. ‘यू डोन्ट वॉन्ट द मील?’ असं विचारलं तर मराठी डोकं म्हणतं, ‘हो, नकोय’, आणि तोंडातून ‘येस’ जातं. इंग्रजीत मात्र नको असेल तर ‘नो’. समोरची मुलगी गोंधळते, नको असलेला ट्रे ठेवते किंवा हवा असलेला उचलते, आणि आपण उपाशी. तेव्हा अशा प्रश्नाला येस-नोच्या भानगडीत पडूच नये, हवं ते सरळ सांगावं: ‘आय वॉन्ट द मील’ किंवा ‘नो मील, थँक यू’. दुसरा सापळा ‘वुड यू माइंड’चा. ‘वुड यू माइंड चेंजिंग युअर सीट?’ म्हणजे सीट बदलायला तुमची हरकत आहे का? इथं ‘नो’ म्हणजे हरकत नाही, बदलतो; आणि ‘येस’ म्हणजे चक्क नकार. इथंही ‘ओके’ किंवा ‘सॉरी, आय कान्ट’ म्हणून मोकळं व्हावं. आणि मान तिरकी हलवून दिलेलं उत्तर परदेशी क्रूला कळत नाही. त्यांना तो होकारही वाटतो आणि नकारही.

काही इंग्रजी शब्द आपल्याच देशात चालतात. ‘व्हेज’ आणि ‘नॉन-व्हेज’ हे त्यांतले पहिले. युरोपीय क्रूला ‘व्हेजिटेरियन’ असं पूर्ण सांगावं. दह्याला ‘कर्ड’ म्हटलं तर विचारात पडतील, ‘योगर्ट’ म्हणावं. ‘प्लीज ॲडजस्ट’ म्हणून शेजारच्या गोऱ्या प्रवाशाला सरकवता येत नाही. त्याला कळतच नाही काय जुळवून घ्यायचं. ‘कुड यू मूव्ह अ लिटल, प्लीज?’

जेवणाचा विषय मात्र सीटवर बसल्यावर सुरू करायचा नसतो. माळकरी घरातल्या लोकांनी हे खास वाचावं, आणि तुकोबांची पालखी ज्या बारामती-इंदापूरवरून जाते तिथं अशी घरं काही कमी नाहीत. विमान कंपन्यांकडे जेवणाचे ठरावीक प्रकार आणि त्यांचे चार अक्षरी संकेत असतात. त्यात ‘हिंदू मील’ नावाचा एक प्रकार आहे, एचएनएमएल. नाव बघून आपले लोक डोळे झाकून त्यावर खूण करतात. पण ते मांसाहारी जेवण असतं! हिंदूंना वर्ज्य म्हणून गोमांस त्यात नसतं, एवढंच. आपल्याला हवं ते एव्हीएमएल, म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ मागितलं तर पाश्चात्त्य पद्धतीच्या प्रकारात अंडं येऊ शकतं. कांदा-लसूण किंवा कंद नको असतील तर जैन जेवण, व्हीजेएमएल. एकादशीला एफपीएमएल, म्हणजे फळांची थाळी. हे सगळं उड्डाणाच्या किमान एक दिवस आधी, शक्यतो तिकीट काढतानाच नोंदवायचं. विमानात फक्त आठवण द्यायची: ‘आय हॅव ऑर्डर्ड अ व्हेजिटेरियन मील.’ तरीही शंका वाटली तर ताटलीकडे बोट दाखवून ‘एनी मीट? एनी एग?’ दोन-दोन शब्दांत काम होतं.

पाणी विचारताना परदेशी विमानात ‘स्टिल ऑर स्पार्कलिंग?’ असा प्रतिप्रश्न येतो. आपलं साधं पाणी म्हणजे ‘स्टिल’. दुसरं सोड्यासारखं लागतं. चहा मागताना ‘विथ मिल्क अँड शुगर’ म्हणायला विसरलात तर काळं पाणी येईल, आणि म्हटलं तरी घरच्या आल्याच्या चहाची आशा धरू नये. त्यात क्रूचा दोष नाही. उडत्या विमानात आतली हवा जास्तीत जास्त आठ हजार फूट उंचीवर असावी इतपत विरळ असते. आपलं कळसूबाई 5,400 फुटांचं, म्हणजे तुम्ही त्याच्याही वर बसून चहा पिता आहात. तिथं पाणी साधारण 92 अंशांनाच उकळतं, पत्ती नीट उतरत नाही. हवाही अतिशय कोरडी, त्यामुळं नाक आणि जीभ मंदावतात आणि जेवण अळणी वाटतं. पाणी मात्र सारखं मागावं, संकोच करू नये.

उतरताना कान दुखतात तेव्हा काय म्हणायचं? ‘माय इअर्स आर हर्टिंग.’ पण त्याआधी आवंढा गिळावा, जांभई द्यावी. तान्हं बाळ असेल तर विमान खाली येऊ लागताच त्याला दूध पाजावं, गिळण्यानं कान मोकळे होतात. बाटली गरम करून हवी तर ‘कुड यू वॉर्म धिस मिल्क, प्लीज?’

आता दुसरा प्रकार, जिथं चूक चालत नाही.

पहिली गोष्ट दुखण्याखुपण्याची. 25 जानेवारी 1990 रोजी कोलंबियाच्या आव्हिआंका कंपनीचं बोइंग 707 न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळलं, 73 जण मृत्युमुखी पडले. वैमानिकांनी नियंत्रकांना ‘इंधन संपत आलंय’ असं सांगितलं होतं, ‘प्रायॉरिटी’ हवी असंही म्हटलं होतं. ‘इमर्जन्सी’ हा एक शब्द मात्र त्यांनी उच्चारला नाही, त्यामुळं खालच्यांना प्रसंगाचं गांभीर्य कळलं नाही. आपली वडीलधारी माणसं छातीत कळ आली तरी असंच करतात. ‘थोडं अस्वस्थ वाटतंय, कशाला त्रास द्यायचा त्या पोरीला.’ मग सांगतात तेही ‘लिटल प्रॉब्लेम’. इथं भिडस्तपणा नको. बटण दाबायचं आणि नेमका शब्द वापरायचा. ‘आय हॅव चेस्ट पेन.’ ‘आय कान्ट ब्रीद.’ ‘आय फील डिझी’, म्हणजे चक्कर येतेय. ‘आय ॲम डायबेटिक, आय नीड शुगर नाऊ.’ क्रूला प्रथमोपचाराचं प्रशिक्षण असतं, विमानात ऑक्सिजन असतो, आणि गरज पडली तर ते प्रवाशांत कुणी डॉक्टर आहे का अशी घोषणा करतात. एवढी सगळी व्यवस्था तुमच्या एका शब्दासाठी खोळंबून असते. वाक्य आठवलं नाही तर छातीवर हात ठेवून ‘पेन’ म्हणा, पण ‘लिटल’ म्हणू नका.

दुसरी गोष्ट मोबाइलची, आणि ही फार थोड्यांना माहीत असते. फोन सीटच्या फटीत पडला तर तो काढायला सीट मागंपुढं करायची नाही. सीटच्या यंत्रणेत फोन दाबला गेला तर त्यातली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. हात घालून खटपट करण्याऐवजी क्रूला बोलवा: ‘माय फोन फेल इन्साइड द सीट.’ तसंच पॉवरबँक किंवा फोन तापला, फुगला, वास यायला लागला, तर लपवू नका. ‘माय पॉवरबँक इज व्हेरी हॉट.’ रागावतील या भीतीनं पिशवीत कोंबलेली पॉवरबँक हा विमानातला खरा धोका. म्हणूनच ती विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकायला बंदी असते, सोबत हातातच न्यावी लागते. आईनं लेकीसाठी बांधून दिलेलं सुकं खोबरंही अशाच कारणानं अडवतात. त्यात तेल इतकं की साठ्यात ते आपोआप तापू शकतं. पण तो वाद चेक-इनच्या काउंटरवरचा.

तिसरी गोष्ट इमर्जन्सी एक्झिटजवळच्या सीटची. पाय पसरायला जागा मिळते म्हणून ती सगळ्यांना हवी असते. उड्डाणापूर्वी क्रू तिथं येऊन विचारतात की संकटात दार उघडायला तुम्ही मदत कराल का, आणि सूचना तुम्हाला समजल्या का. इथं ‘येस येस’ म्हणणं हा माझ्या मते विमानातला सगळ्यांत बेजबाबदार शिष्टाचार आहे. त्या सीटवर बसणाऱ्याला क्रूची भाषा कळणं ही अटच असते. समजलं नसेल तर ‘से अगेन, प्लीज’, आणि जमणार नसेल तर ‘नो. प्लीज चेंज माय सीट.’ ते लगेच बदलून देतात, कुणी कमी लेखत नाही. रेडिओवरचं ‘अनेबल’ ते हेच.

आणीबाणीत क्रू जे ओरडतात ते बोलण्याचं इंग्रजी नसतं, आज्ञांचं असतं. विमान कंपनीनुसार शब्द थोडे बदलतात, पण ‘ब्रेस!’ म्हणजे वाकून, डोकं खाली घालून, अंग आवळून बसा. ‘स्टे डाउन!’ म्हणजे तसेच खाली राहा. ‘लीव्ह एव्हरीथिंग!’ म्हणजे सगळं सामान तिथंच टाका. ‘कम धिस वे!’ म्हणजे इकडं या. ‘जंप!’ म्हणजे घसरगुंडीवर उडी टाका. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटलं. आतली घोषणा यंत्रणा बंद पडली होती, क्रूनं भोंगा घेऊन आणि घसा ताणून सूचना दिल्या. 379 जण बाहेर पडले, सगळेच्या सगळे. बहुतेकांनी बॅगा आतच सोडल्या होत्या. आपल्याकडे चाकं जमिनीला टेकताच वरचे कप्पे उघडणारी मंडळी आठवली की धडकी भरते. ऑक्सिजनचा मास्क खाली आला तर आधी स्वतःला आणि मग नातवाला, हे तर भाषेच्याही पलीकडचं. आजी-आजोबांच्या हातून ते सहज होत नाही, म्हणून घरीच बजावून ठेवावं.

काही घोषणा मात्र आपल्यासाठी नसतातच. दारं लागल्यावर स्पीकरवर ‘आर्म डोअर्स अँड क्रॉस-चेक’ असं ऐकू येतं. त्यात शस्त्राचा संबंध नाही. दार उघडताच घसरगुंडी आपोआप फुगावी अशी तयारी करून एकमेकांची तपासा, असं ते क्रूनं क्रूला सांगितलेलं असतं.

उड्डाणाच्या वेळी आणि उतरताना ऐकू येणाऱ्या सूचना चारच: सीट सरळ, समोरचा ट्रे बंद, पट्टा लावलेला, खिडकीची झडप उघडी. झडप उघडी का? बाहेर आग किंवा धूर असेल तर दिसावा, आणि डोळ्यांना बाहेरच्या उजेडाची सवय असावी म्हणून. पुण्याचं प्रकरण जरा वेगळं. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ. अशा तळांवरून उडणाऱ्या प्रवासी विमानांसाठी मे 2025 मध्ये उलट आदेश निघाला होता: एक्झिटच्या रांगा सोडून बाकीच्या झडपा दहा हजार फुटांपर्यंत बंद ठेवायच्या. तेव्हा क्रू ‘विंडो शेड ओपन’ म्हणतात की ‘क्लोज्ड’, ते ऐकून मगच हात घालावा. आणि तिथं विमानांचे फोटो काढू नयेत. ‘नो फोटो, प्लीज’ म्हणाले की फोन खाली.

म्हातारे आई-वडील एकटे निघत असतील तर वाक्यं पाठ करून घेण्याचा छळ करू नये. त्यापेक्षा एक कार्ड रोमन लिपीत मोठ्या ठळक अक्षरांत छापून द्यावं. पहिली ओळ: ‘आय स्पीक मराठी अँड हिंदी, व्हेरी लिटल इंग्लिश.’ मग ‘व्हेजिटेरियन, नो एग’. मग आजार आणि औषधांची नावं. मग पुढचं विमान कुठल्या गावी किती वाजता बदलायचंय, आणि ‘प्लीज हेल्प मी फाइंड माय नेक्स्ट फ्लाइट’. शेवटी घ्यायला येणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा फोन नंबर, देशाच्या संकेतांकासह. हे कार्ड चढतानाच दारातल्या क्रूला दाखवायचं. नंतर ट्रॉलीच्या धांदलीत दाखवून उपयोग नाही. गुडघे दुखत नसताना केवळ इंग्रजीच्या भीतीनं व्हीलचेअर मागणारे पुष्कळ असतात. त्यांना हे कार्ड दिलं तर खुर्ची खऱ्या गरजूला मिळेल. कार्ड आणि दिवसभराची औषधं वरच्या कप्प्यातल्या बॅगेत ठेवू नका, पट्टा बांधलेला असतानाही हात पोचेल अशा खिशात ठेवा. इन्सुलिन तर खालच्या सामानात कधीच टाकू नये, तिथल्या थंडीत ते गोठून निकामी होऊ शकतं.